तळ्यांचे शहर आणि आपली गल्ली

आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढायचे ठरले आणि प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असे बैठकीत सांगण्यात आले. माझ्या वाट्याला अनारशांची कृती आली होती. अनारसे मला बरे जमतात हे खरे, पण गेली दोन-तीन वर्षे एक गोष्ट मनात घोळते आहे, ती लिहून टाकावी असे वाटले. मी काही लेखिका नाही. शाळा सातवीला सुटली. वाचनालयातून पुस्तके आणून, मुलीकडून अडलेले शब्द समजून घेऊन जे कळले ते लिहिले आहे. चुकले तर भगिनींनी पोटात घालावे.

गोष्ट सुरू होते २०२३ सालच्या महालक्ष्म्यांपासून. २२ सप्टेंबरला पूजन होते. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात हे सर्वांना ठाऊकच आहे. आंबील, सोळा भाज्या, पुरण, पंगती, सगळे आटोपून भांडी तशीच मोरीत ठेवून निजलो, तो मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पडला असे पुढे छापून आले. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, झाशी राणी चौक, सीताबर्डी, मोरभवनचे बसस्थानक अशी नागनदीच्या काठची वस्ती पाहता पाहता पाण्यात गेली. बचावाला सैन्याचे जवान आणि नावा आल्या. हजारो घरांचे नुकसान झाले आणि माणसेही गेली. त्यांत घराबाहेर पडता न आलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. ते वाचल्यापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

आपली गल्ली उंचावर असल्यामुळे वरची घरे वाचली. खालच्या टोकाला जी वस्ती आहे तेथे मात्र कमरेइतके पाणी शिरले. पहाटे लोक लेकरे खांद्यावर घेऊन वर आले. मी दारात उभी राहून म्हटले, “अशी कशी नदी घरात आली?” तर सासूबाई आतून म्हणाल्या, “नदी कुठं आली बाई? कोपऱ्यावर आधी नालाच होता. तुझे मामाजी त्याच्यावरून उडी मारून शाळेत जात. मग त्याच्यावर स्लॅब पडली, त्याच्यावर टपऱ्या आल्या, आपणबी आपला ओटा दोन हात पुढं घेतला.”

ओटा आम्हीच पुढे घेतला होता. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्या ओट्यावर रांगोळी घालते आहे आणि त्याखालून पाण्याची वाट होती हे मला माहीतही नव्हते. तेव्हापासून मनाने घेतले की आपण ज्या शहरात राहतो ते मुळात कसे वसले हे एकदा वाचून पाहावे.

नागपूर हे देवगडच्या गोंड राजाने वसवले. बख्त बुलंद शाह त्याचे नाव. सतराशे दोनच्या सुमारास त्याने नागनदीच्या आसपासची बारा लहान खेडी एकत्र जोडून शहर उभारले. त्या खेड्यांना राजापूर बारसा म्हणत. शहराला नाव मिळाले ते नदीवरून. म्हणजे हल्ली जिला आपण नाक दाबून नाला म्हणतो, तिचेच नाव आपण पत्त्यात रोज लिहितो. त्याच्या मागून चांद सुलतान आला. त्याने शहराला कोट घातला आणि ओढ्यांचे पाणी अडवून कोटाला लागून तलाव केला. तो जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आता गांधीसागर म्हणतात. पुढे १७४३ साली रघूजी भोसले यांनी नागपूरला राजधानी केली आणि त्या घराण्याच्या काळात तळ्यांची व बागांची भर पडत गेली. अंबाझरी, तेलंखेडी म्हणजे आपला फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव, नाईक तलाव, लेंडी तलाव. नुसती नावे घेतली तरी शहराचा नकाशा डोळ्यांपुढे येतो.

आता एवढी तळी कशाला? मला आधी वाटे की राजेलोकांना नौकाविहारासाठी. पण तसे नाही. नागपूरचा पाऊस चार महिन्यांचा, उन्हाळा कसा ते सांगायला नको, आणि मोठी नदी म्हणावी तर कन्हान, ती शहराबाहेर. तेव्हा पावसाळ्यात उतारावरून धावणारे पाणी ठिकठिकाणी अडवायचे, त्याने पूर येऊ द्यायचा नाही, आणि तेच पाणी जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात झरे राहतील असे करायचे. एकाच तळ्याने दोन कामे. आपण साखरेचा डबा भरतो तो महिनाअखेरीसाठीच ना, तसे. सासूबाई सांगतात की त्यांच्या लहानपणी मे महिन्यातही वाड्याच्या विहिरीला पाणी असे आणि गुंड भरून आणायला फार लांब जावे लागत नसे.

इंग्रजी अमलात १८७० नंतर अंबाझरीचा बांध उंच करून तेथून नळाने पाणी शहरात आणले गेले. १९११ च्या सुमारास गोरेवाड्याचा तलाव झाला. पुढे कन्हानचे पाणी आले, त्यानंतर पेंचचे. दूरचे पाणी नळाने घरात येऊ लागले आणि जवळच्या तळ्याची गरज वाटेनाशी झाली. माझ्या मते घोटाळा येथूनच सुरू झाला. नळ वाईट असे मी म्हणत नाही. डोक्यावरचा गुंड ज्याने उतरवला त्याला नावे कशी ठेवू? पण नळ आला म्हणून विहिरीत कचरा टाकायला नको होता. लेंडी तलाव चारी बाजूंनी आक्रसत गेला, नाईक तलावाची तीच गत झाली, काही तळी तर नावापुरतीही उरली नाहीत. आणि नागनदी शहराचे सांडपाणी वाहून कन्हानकडे नेऊ लागली. पुढे ते गोसीखुर्द धरणात जाते. आपल्या मोरीतले पाणी भंडाऱ्याकडच्या कोणाच्या तरी घाटावर जाऊन उभे राहते, हे भांडी घासताना आठवले की हात थांबतो.

जुम्मा तलावाजवळ आणखी एक मोठी गोष्ट घडली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा दलदलीची होती. तेथे भर घालण्यात पैसा ओतणे म्हणजे सोने मातीत घालणे आहे असे एक सावकार म्हणाला होता, आणि पुढे मिल चालली तेव्हा मातीतून सोने निघाले असे त्यानेच कबूल केले, अशी गोष्ट सांगतात. या गिरणीने कामगारांसाठी पेन्शनचा व प्रॉव्हिडंट फंडाचा निधी फार लवकर, सरकारी कायदे व्हायच्या पुष्कळ आधी सुरू केला. माझ्या माहेरची दोन माणसे त्या गिरणीत होती. २००२ साली गिरणी बंद झाली. तो भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी काय सांगावे!

वाचता वाचता मला एका साहेबाची गोष्ट सापडली, ती मात्र सविस्तर सांगते. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ. १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि गावोगाव हिंडून शहरे कशी सुधारावी यावर अहवाल लिहू लागले. १९१५ साली त्यांनी आपल्या नागपुरावरही अहवाल दिला. त्या काळी प्लेग, कॉलरा, हिवताप यांनी लोक हैराण झाले होते, आणि शहर सुधारायचे म्हणजे दाट वस्तीतून सरळ मोठा रस्ता काढायचा, मध्ये येतील ती घरे पाडायची आणि तळी बुजवायची, असा अधिकाऱ्यांचा खाक्या होता. गेडीस म्हणत, असे करू नका. ज्यांची घरे पाडाल ते गरीब दुसऱ्या दाट वस्तीत जाऊन कोंबले जातील, म्हणजे रोग हलला, गेला नाही. हुशार वैद्य जेवढे कापणे जरूर तेवढेच कापतो. पडके घर असेल ते काढा, तेथे चौक करा, झाड लावा, विहीर दुरुस्त करा. तळ्यात डास होतात तर त्यात मासे व बदके सोडा, तळे बुजवू नका.

आणि हे साहेब सुरुवात करीत ती घरातल्या बाईपासून. अंगणातले तुळशीवृंदावन पाहून त्यांना फार कौतुक वाटे. ज्या घरी तुळस नीट राखली आहे ते घर नीट राखले आहे, असे ते समजत. आपल्याकडे हे आजीबाईसुद्धा सांगतील, पण साहेबाने अहवालात लिहिले म्हणून जरा बरे वाटते!

त्यांची इंदूरची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. इंदूर हे होळकरांचे, म्हणजे मराठी वस्तीचे गाव. १९१७-१८ च्या सुमारास गेडीस तेथे गेले तेव्हा प्लेगने लोक धास्तावले होते आणि साहेब गल्लीबोळांतून नकाशे घेऊन हिंडतो तो काही तरी वाईट करायलाच, असे लोकांना वाटे. तेव्हा त्यांनी राजेसाहेबांकडून एका दिवाळीसाठी अधिकार मागून घेतले आणि दवंडी पिटवली की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागात घरे अधिक झाडली-सारवली असतील त्या भागातून जाईल. मग काय विचारता! प्रत्येक पेठेत चढाओढ लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शेवटी त्यांचे दहन झाले. शहर झाडणारे लोक स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून, आपले झाडू व सजवलेल्या गाड्याबैल घेऊन मानाने चालले. लोकांना तुळशीची रोपे वाटली.

मला हे वाचताना आपली मारबत आठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण पिवळी आणि काळी मारबत काढून रोगराई, ईडापीडा गावाबाहेर घेऊन जा म्हणून ओरडतो ते सव्वाशेहून अधिक वर्षे चालले आहे. साहेबाने इंदुरात केले ते याच जातीचे. फरक एवढाच की त्याने ओरडण्याआधी घरे झाडून घेतली. आपण नुसते ओरडतो आणि मिरवणूक गेल्यावर रस्त्यावर कागद, पत्रावळी पडून राहतात. हे मी मारबतीचा अपमान म्हणून लिहीत नाही, माझी स्वतःची तिच्यावर श्रद्धा आहे.

झाडणाऱ्यांना हार घालण्यावरून दुसरे एक आठवले आणि ते लिहिताना थोडी लाज वाटते. तळे असून भागत नाही, त्या तळ्याचे पाणी कोणाला घेता येते हेही पाहावे लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह पाणी घेतले ते यासाठीच. नागपूरचाही इतिहास यात मागे नाही, चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थानेही. जाईबाई चौधरी या बाई नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून पोट भरीत. शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी येथे चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. शिकल्यासवरलेल्या, सुधारक घरच्या बायकांची परिषद! तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्या भगिनींना वेगळे बसवले. त्यांनी तो अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ ला सभा घेऊन जाहीर निषेध केला. मग २० जुलै १९४२ रोजी याच शहरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि वीस हजारांच्या घरात बायका जमल्या होत्या. ठराव पाहिले तर आश्चर्य वाटते. काडीमोडाचा हक्क, एकापेक्षा अधिक लग्नांना बंदी हे तर आहेच, पण गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या बायकांना पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई, म्हातारपणी पेन्शन, आणि बायकांच्या कामावर देखरेखीला बाईच असावी, असेही ठराव आहेत. सूत कातणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या बळावर शहर उभे होते आणि त्या आपला वाटा मागत होत्या. शाळेच्या पुस्तकात मला हे कोणी शिकवले नाही.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपण पंचवीस वर्षे हळदीकुंकू करतो, भजने, सहली, वाण लुटतो. खालच्या वस्तीतल्या बायका आपल्या घरी धुणीभांडी करतात. २०२३ च्या त्या पहाटेपर्यंत त्यांतल्या एकीलाही आपण हळदीकुंकवाला बोलावले नव्हते. मनात वाईट होते असे नाही, सुचलेच नाही. त्या दिवशी महालक्ष्म्यांचे अन्न प्रत्येक घरात उरलेले होते. कोणी काही ठरवले नाही, पण आठ वाजेपर्यंत आमच्या ओट्यावर पुरणपोळ्यांचे डबे, कढी-भाताचे गंज, आंबील येऊन पडली. विसर्जनाचा दिवस होता तो. सासूबाईंनी पहिले पान वाढले ते वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजींना, आणि आमच्या मोलकरणीला म्हणाल्या, “बस तू पण, आज वाढायचं काम आमचं.” ती रडायला लागली आणि मीही.

त्या आजींना चालता येत नाही. त्या वाचल्या कशा, तर शेजारच्या दोन पोरांना ठाऊक होते की आजी मागच्या खोलीत एकट्या असतात. पाणी यायला लागताच त्यांनी खाटेसकट उचलून आणले. एवढे ठाऊक असणे पुरले. वरच्या गल्लीत, पक्क्या घरांत, कोण एकटे आहे हे आपल्याला ठाऊक होते का? मी तरी सांगू शकले नसते.

मोठ्या शहरांचीही हीच कथा आहे. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी आपल्या जुन्या वाटेने आली. हॉलंड देश तर निम्मा पाण्याशी झुंजत जगतो. १९९५ साली तेथे अडीच लाख माणसे घराबाहेर काढावी लागली. त्यानंतर तेथल्या सरकारने नुसते बांध उंच करीत बसण्याऐवजी कित्येक ठिकाणी बांध मागे घेतले आणि नदीला पसरायला जागा करून दिली. आपल्याकडे अंबाझरीच्या सांडव्यासमोर काय बांधले, पाण्याची वाट कोठे अडली, यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका झाली. ते काम मोठ्या माणसांचे, त्यात मी बोलणार नाही. पण सांडव्यापुढची जागा मोकळी असावी हे कळायला सातवी पुष्कळ झाली.

२०११ च्या जनगणनेत नागपूरची वस्ती चोवीस लाख आणि त्यांतले शंभरातले पस्तीस लोक झोपडपट्टीत राहणारे, असे आकडे आहेत. झोपडपट्टीला स्वस्त जागा कोठे मिळते? नाल्याच्या काठी, रुळांच्या कडेला. सखल जागा कोणी हौसेने घेत नाही. २०१२ पासून शहरभर चोवीस तास पाण्याची योजना हाती घेतली, बऱ्याच भागांत सुख झाले, परंतु कडेच्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकर येतोच आणि टँकरपुढे रांगेत बायकाच उभ्या असतात. गेल्या काही वर्षांत काही वस्त्यांना जागेचे पट्टे मिळाले. पट्टा हातात आल्यावर खालच्या वस्तीतल्या एका बाईने पहिल्यांदा काय केले, तर जोते दोन फूट उंच करून घेतले. ती म्हणाली, “आधी काऊन पैसे घालायचे? उद्या उठवून देतीन म्हणून भेव वाटे.”

असो. आता मंडळाने काय केले ते नोंदीसाठी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या स्मरणिकेला उपयोगी पडेल. त्या वर्षीच्या संक्रांतीपासून हळदीकुंकू वरच्या गल्लीत आणि खालच्या वस्तीत मिळून एकच होते. पहिल्या वर्षी आपल्या तीन भगिनी आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या दोघी आल्या. दर मे महिन्याच्या शेवटी सर्वजणी मिळून कोपऱ्यावरच्या नाल्याची जाळी पाहतो आणि तुंबलेली असेल तर कार्यालयात अर्ज देतो. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही, दुसऱ्याला आले, तिसऱ्याला माणसे आली. वाड्यातली बुजत आलेली विहीर मागच्या उन्हाळ्यात वर्गणी काढून उपसली. तिच्यातून सायकलचे चाक, दोन तुटक्या मूर्ती आणि आमच्या घरचा एक हरवलेला पितळी तांब्या निघाला. पाणी पिण्याजोगे नाही, पण झाडांना आणि धुण्याला चालते.

आमचा ओटा आम्ही दोन हात मागे घेतला. घरात बरीच बोलाचाली झाली, कारण त्यावर नुकतीच फरशी बसवली होती. रांगोळीला जागा कमी पडते, तेव्हा आता लहान काढते.

आणि एक वही केली आहे. तीत गल्लीतल्या व वस्तीतल्या प्रत्येक घराचे नाव, घरात म्हातारे-आजारी कोण, एकटे कोण राहते, किल्ली शेजारी कोणाकडे असते, गरोदर बाई आहे का, एवढे लिहितो. वही माझ्याकडे असते. दळण-कांडणाच्या खोलीत वरच्या फळीवर, पाणी आले तरी भिजणार नाही अशा जागी ठेवली आहे. पिंपळाजवळच्या चार घरांची नोंद अजून राहिली आहे. त्या भगिनींनी पोळ्याच्या आत येऊन सांगावी, मी दुपारी दोननंतर घरीच असते.